माशांना जास्त दाणा दिला की ते लवकर वाढतात का?

तुम्ही लिहिलंय की देवासजवळ शेतातल्या तलावात पंगस जातीचे मासे सोडलेत आणि दाणेवाला, म्हणजे माशांचं खाद्य विकणारा, म्हणतो, माशांच्या एकूण वजनाच्या 5 टक्के दाणा रोज टाका, जितकं खातील तितकं वाढतील. त्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं कळायला मला एक अख्खा हंगाम घालवावा लागला.

मी इंदूरचा, तलाव सांवेरच्या बाजूला मेव्हण्याच्या शेतात. शेजारीशेजारी दोन तलाव, बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, एकाच गाडीतून आलेली. मेव्हणा आग्रही माणूस. मासे तोंड फिरवेपर्यंत त्याचा हात थांबत नसे. मी मासे मोठे झाल्यावर अडीच टक्क्यांच्या आसपास थांबलो. विक्रीला त्याचे मासे जड भरले, त्यात वाद नाही. मग दोन्हीकडचा साधारण किलोभराचा एकेक मासा घरी आणून चिरला. त्याच्या माशाच्या आतड्यांभोवती पांढऱ्या चरबीची जाड झालर होती, स्वयंपाकघरातल्या काट्यावर 65 ग्रॅम भरली. माझ्यातली निम्मीसुद्धा नव्हती. ही झालर कापणारा कचऱ्यात टाकतो. दाण्याचे पैसे मात्र आपण मोजलेले असतात. पंगतीतला आग्रह पंगसला करू नये, असं तेव्हापासून आमच्या घरात म्हणतात.

असं का होतं? रोजच्या दाण्यातला पहिला वाटा मासा नुसता जिवंत राहण्यात खर्चतो. तेवढाच दिलात तर वजन ना वाढतं ना घटतं. त्यावर वाढवत गेलात की वाढ झपाट्यानं चढते, मग चढ मंदावतो आणि शेवटी सपाट होतो. एक किलो दाण्यामागे सगळ्यात जास्त वजन मिळण्याची जागा या सपाटीच्या बरीच अलीकडे असते. मांस किती वेगानं बनणार हे माशाचं वय, पाण्याची ऊब आणि दाण्यातली प्रथिनं ठरवतात. त्या वेगापुढे जे पोटात जातं त्यातली ऊर्जा चरबी होऊन साठते आणि जादा प्रथिनांतला नायट्रोजन अमोनिया होऊन कल्ल्यांतून पाण्यात परततो.

आता काटा कसा फसवतो ते बघा. माशाच्या अंगात ढोबळमानानं तीन चतुर्थांश पाणी असतं. चरबी वाढली की पाणी कमी होतं, चरबी घटली की तिची जागा पाणी घेतं. मांसात या दोघांची बेरीज 80 टक्क्यांच्या आसपासच राहते. प्रथिनांचा टक्का फारसा हलत नाही. म्हणून उपाशी ठेवलेला मासासुद्धा काट्यावर वाटतो तितका उतरत नाही. तव्यावर मात्र सगळं उघडं पडतं: उपाशी मासा पाणी सोडून मऊ पडतो, अति खाल्लेला इतकं तेल सोडतो की आमच्या आईनं एकदा वरून घातलेलं तेल वाटीत काढून ठेवलं होतं.

दाणेवाल्याचे 5 टक्के चुकीचे नाहीत, ते लहान माशांसाठी आहेत. बोटुकली 20 ग्रॅमची असताना 1000 माशांचं वजन 20 किलो, त्याचे 5 टक्के म्हणजे रोज 1 किलो. तेच मासे 500 ग्रॅमचे झाले की एकूण वजन 500 किलो, आणि 2 टक्के धरले तरी 10 किलो लागतात. टक्का उतरतो, किलो चढतात. तुम्ही तेव्हाही 5 वरच राहिलात तर रोज 25 किलो ओताल. पंधरवड्याला फेकजाळं टाकून तीस-चाळीस मासे तोला आणि हिशोब नव्यानं मांडा. मेलेले मासे वजा करायला विसरू नका, मी विसरलो होतो. तरंगता दाणा पंधरा-वीस मिनिटांत संपला नाही तर दुसऱ्या दिवशी कमी करा.

पहाटे मासे वर येऊन तोंड वासत असतील तर त्या सकाळी काहीच टाकू नका. पाण्यात प्राणवायू कमी पडलाय, आणि खाल्लेलं पचवायलाही प्राणवायू लागतो. आणि आपल्या माळव्यातली थंडी तुम्हाला सांगायला नको. डिसेंबर-जानेवारीत पाणी 20 अंशांखाली गेलं की पंगस जेमतेम खातो, तेव्हा दुपारी ऊन चढल्यावर थोडासा दाणा पुरतो. मेव्हण्यानं पहिल्या थंडीत रोजचं माप चालूच ठेवलं, फेब्रुवारीत तळाशी काळा, वास मारणारा गाळ निघाला.

पुढच्या वेळी जाळं टाकाल तेव्हा एक मासा चिरा आणि पोटातली चरबी वेगळी तोला. तो आकडा, माशांची संख्या, सरासरी वजन आणि तलावाची खोली इथेच लिहा, रोज किती टाकायचं ते सांगतो.