आधी रात्र लिहून घे

प्रिय,

तुझी मेल दोनदा वाचली. झोप आणि स्मृतिभ्रंश यांच्या तुझ्या पाहणीत 'किती वाजता झोपता?' याला गोवंडीच्या वस्तीतल्या ज्या आज्या 'पोरं झोपली की' एवढंच सांगतात, त्यांचे फॉर्म अपूर्ण म्हणून वगळू का, असं विचारतेस. अजिबात नाही. मला शंका आहे ती नीट भरलेल्या फॉर्मांची.

तुझा फॉर्म म्हणजे झोप मोजायची पिट्सबर्गची प्रश्नावली, 1989 ची. चांगली आहे, मीही वापरते. पण तिच्यात झोपेच्या तासांना अंथरुणातल्या तासांनी भागायचं असतं. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं. मुलाचं जेवण होऊन टीव्ही बंद झाला की अंथरूण पडणार, पहाटे पाणी आलं की उचललं जाणार. मधले तास आजी मोरीच्या कडेला एका कुशीवर. दुपारी सून कामाला गेली की तीच आजी दीड तास गाढ झोपते, आणि त्याला तुझ्या फॉर्मवर रकानाच नाही. मग भागाकार करून तू मोजलंस काय? खोली मोजलीस. म्हणून म्हणते, आधी रात्र लिहून घे. कोण कुठे झोपतं, दिवा कधी मालवतो, पाणी किती वाजता येतं, संडास किती लांब. गुण नंतर.

एका बाईंची झोप फॉर्मवर उत्तम होती. गोळ्यांची पिशवी उघडायला लावली, तर रक्तदाबाची, लघवी वाढवणारी गोळी पाकिटात जशीच्या तशी. 'रात्री उठले तर चौघांना ओलांडून जावं लागतं हो,' म्हणाल्या. म्हणजे झोप छान आणि रक्तदाब मोकाट. वाढलेला रक्तदाब स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवतो हे तुला मी शिकवायला नको. पिशवी उघडायला लावच. दुसऱ्या एखादीच्या पिशवीत अल्प्राझोलाम, म्हणजे चिंतेवरची गुंगी आणणारी गोळी, निघेल, ती गोळीच विसरभोळं करते, आणि तू खापर झोपेवर फोडशील.

तुझ्या सरांना व्हाइटहॉलचा अभ्यास तोंडपाठ आहे. पन्नाशी, साठी आणि सत्तरीतही सतत सहा तास किंवा त्याहून कमी झोपणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचा धोका 30 टक्के जास्त; 25 वर्षांचा पाठपुरावा, 2021 चा पेपर. मोलाचं काम. पण ती लंडनची सरकारी नोकर मंडळी, आणि त्यांना वर्षानुवर्षं विचारलं होतं. तू एकदाच दार ठोठावणार. मेंदू आधीच बिघडू लागल्यामुळे झोप मोडते की झोप मोडल्यामुळे मेंदू बिघडतो, हे एका भेटीत कुणालाच सांगता येणार नाही. रात्र तरी लिहून घे!

स्मृतीच्या चाचणीचंही तेच. 1975 ची ती एमएमएसई झोपडीत बसून विचारते, 'आपण कितव्या मजल्यावर आहोत?' आणि अंगठा देणाऱ्या बाईला वाक्य लिहायला लावते. हरियाणातल्या बल्लभगडच्या निरक्षर वृद्धांसाठी हिंदी चाचणी 1995 मध्येच छापून आली. आधी ती वाच, मग माझ्याशी वाद घाल.

या हट्टापायी माझे पेपर 'वर्णनात्मक' म्हणून परत आले, बरोबरीचे प्राध्यापक झाले, मी मागे राहिले. त्याचं मला फार वाटत नाही. (वाटतं, पण ते जाऊ दे. माझ्या वह्यांमध्ये जे आहे ते त्यांच्या तक्त्यांत नाही.) सलतं ते वेगळंच. ज्या गल्लीच्या रात्री मी लिहिल्या, ती पाडली. माणसं माहुल-मानखुर्दला 225 चौरस फुटांत गेली, दुसरी फेरी झालीच नाही. मुलांचे नंबर होते, ते बदलले. तू शेजारणीचा नंबर घे, आणि वस्तीतल्या आशाताईंना, म्हणजे आरोग्यसेविकांना, सोबत ने. कोण कुठे गेलं ते त्यांना बरोबर ठाऊक असतं.

वगळायला काढलेले फॉर्म परत घे आणि त्या घरांत पुन्हा जा, यावेळी कोरी वही घेऊन, दुपारी दोननंतर. महिन्याचं टार्गेट हुकेल. सर चिडले तर माझं नाव सांग, माझ्यावर चिडायची त्यांना सवय आहे.

तुझी,
मॅडम