केसपेपरवरच्या 'लिव्हर नॉट पाल्पेबल'चा अर्थ काय? 'पाल्पेबल' हा शब्द आला कुठून?

घाबरू नका. पोट चाचपताना यकृत बरगड्यांखाली हाताला लागलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. बहुतेक वेळा ही चांगलीच खूण असते, कारण यकृत वाढलं की त्याची कड बोटांना जाणवू लागते.

हाताने चाचपून तपासणं म्हणजे पॅल्पेशन, आणि तसं चाचपताना हाताला लागतं ते 'पाल्पेबल'. मूळ लॅटिन क्रियापद 'पाल्पारे': हलकेच स्पर्श करणं, कुरवाळणं. गोंजारून खूश करणं, खुशामत करणं असाही अर्थ त्याला होता. त्याचंच पुनरावृत्तीदर्शक रूप 'पाल्पितारे', म्हणजे पुन्हापुन्हा हलणं, फडफडणं. छातीत धडधडतं त्याला डॉक्टर पाल्पिटेशन म्हणतात, ते इथूनच आलं. किड्यांच्या तोंडाजवळच्या चाचपणाऱ्या अवयवांना पाल्प म्हणतात, तेही याच घराण्यातले.

मुळातला हा हलकेपणा तपासणीत खरोखर पाळावा लागतो, आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो. रुग्णाला उताणं झोपवून गुडघे वाकवायला सांगतात, म्हणजे पोट सैल पडतं. हात गरम हवा. दुखतं ती जागा शेवटी. मग 'श्वास घ्या' म्हणतात, कारण श्वास आत घेताना यकृत खाली सरकतं आणि कड असलीच तर बोटांवर येते. पहिल्याच झटक्यात जोरात दाबलं तर पोट कडक होतं आणि आतलं काहीच कळत नाही.

आयुर्वेदातही दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न अशी त्रिविध परीक्षा आहे. त्यातलं स्पर्शन ते हेच.