शाळेच्या लॅपटॉपवर कोणते ऑफिस? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मुलगी आठवीत गेली. शाळेच्या प्रकल्पांसाठी लॅपटॉप घ्यायचा आहे. दुकानदार मायक्रोसॉफ्ट ऑफिसचे वेगळे पैसे सांगतो. ऑनलाइन त्याचीच ‘की’ (ते सुरू करायचा परवाना क्रमांक) चारशे रुपयांना दिसते, आणि ओळखीतला एक जण ‘फुकट टाकून देतो’ म्हणतो. पुढे एमएस-सीआयटी करायची तर मायक्रोसॉफ्टचेच लागेल ना?
– एक पालक, सातारा

उत्तर : पैसे काढण्याआधी लॅपटॉपच्या खोक्यावरचा आणि बिलावरचा तपशील वाचा. बऱ्याच नव्या लॅपटॉपच्या किमतीत ऑफिस होम आधीच धरलेले असते, आणि तरी त्याचे वेगळे पैसे मागितले जातात. लॅपटॉप सुरू केल्यावर वर्ड उघडून ‘फाइल’मधले ‘अकाउंट’ बघा. ‘ऑफिस होम’ आणि पुढे वर्ष दिसले तर ते एकदाच घेतलेले, त्या लॅपटॉपपुरते कायमचे. ‘मायक्रोसॉफ्ट ३६५’ दिसले तर ते वर्गणीचे किंवा महिनाभर वापरून बघायला दिलेले. सोबत आलेले ऑफिस लॅपटॉप सुरू केल्यापासून साधारण सहा महिन्यांच्या आत नोंदवावे लागते, नाहीतर तो हक्क जातो. नोंदणी पालकाच्या ईमेलवर करा, कारण ज्या खात्यावर ते एकदा चढते त्याच खात्याला कायमचे बांधले जाते. मुलगी पासवर्ड विसरली तर ऑफिसही अडकते.

चारशे रुपयांची ‘की’ घेऊ नका. अशा किल्ल्या बहुतेक वेळा एखाद्या संस्थेला घाऊक दिलेल्या असतात किंवा आधीच वापरलेल्या असतात. कंपनीने ती बंद केली की वर्ड उघडते, वाचता येते, पण लिहिता येत नाही. आणि हे नेमके प्रकल्प द्यायच्या आठवड्यात होऊ शकते. ‘टाकून देतो’ म्हणणाऱ्यांचे अॅक्टिव्हेटर, म्हणजे परवान्याशिवाय ऑफिस चालू करणारे प्रोग्राम, चालवायला आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात. ज्या लॅपटॉपवर घरातले बँकेचे व्यवहारही होणार, त्यावर हा प्रकार अजिबात नको.

लॅपटॉपसोबत ऑफिस आलेले नसेल, तर आमचे स्पष्ट मत आहे : लिबरऑफिस टाका. ते पूर्ण मोफत आहे, त्याला खाते लागत नाही आणि इंटरनेटशिवाय चालते. विंडोजसाठीची फाइल साधारण साडेतीनशे एमबीची असते. ती लिबरऑफिस डॉट ओआरजीवरूनच उतरवा. शोधात वर येणाऱ्या जाहिरातींवरून नको. ओपनऑफिस हे जुने नाव कोणी सुचवले तर टाळा. त्यात वर्डची डीओसीएक्स फाइल उघडते, पण त्या प्रकारात जतन करता येत नाही, आणि शाळा नेमकी तीच फाइल मागते.

टाकल्यावर पहिल्याच दिवशी दोन बदल करा. ‘टूल्स – ऑप्शन्स – लोड/सेव्ह – जनरल’ इथे खाली ‘ऑलवेज सेव्ह अॅज’मध्ये लिखित दस्तऐवजासाठी वर्डचा डीओसीएक्स प्रकार निवडा, तक्ते आणि सादरीकरण यांसाठीही एक्सेल व पॉवरपॉइंटचे प्रकार निवडा. हे केले नाही तर फाइल ओडीटी या लिबरऑफिसच्या स्वतःच्या प्रकारात जतन होते आणि शाळेतून ‘उघडत नाही’ असा निरोप येतो. त्याच पानावर ऑटोरिकव्हरीची, म्हणजे काम आपोआप राखून ठेवण्याची, वेळ दहा मिनिटे असते, ती तीन करा.

एमएस-सीआयटीतले ‘एमएस’ म्हणजे महाराष्ट्र स्टेट, मायक्रोसॉफ्ट नव्हे. अभ्यासक्रमात वर्ड-एक्सेल शिकवतात हे खरे, पण त्याचा सराव केंद्रावरच्या संगणकांवर होतो. सम, अॅव्हरेज, इफ, व्हीलुकअप ही सूत्रे लिबरऑफिसच्या कॅल्कमध्ये आणि एक्सेलमध्ये त्याच नावांनी चालतात. मधूनमधून खरे वर्ड बघायचे असेल, तर मायक्रोसॉफ्टच्या मोफत खात्यावर ब्राउझरमधले वर्ड मिळते, सोबत ५ जीबी जागाही. मात्र त्याला सतत इंटरनेट लागते.

प्रश्न : मराठी माध्यमात शिकवते. मुले घरून प्रकल्प टाइप करून आणतात. शाळेच्या संगणकावर कुणाच्या पानांची मोडतोड होते, कुणाची अक्षरे बारीक दिसतात, कुणाचे सगळे लिखाण इंग्रजी अक्षरांची खिचडी होते. सॉफ्टवेअर बदलावे का?
– शिक्षिका, नांदेड

उत्तर : सॉफ्टवेअर बदलून हे सुटणार नाही. तीन वेगळे दोष आहेत, ते वेगळेच धरावे लागतात.

खिचडी होते ती जुन्या फॉन्टमुळे. कृतिदेव, श्रीलिपी, डीव्ही-सुरेख अशा फॉन्टांत ‘क’ हा खरा ‘क’ नसतो. इंग्रजी अक्षराच्या जागेवर ‘क’चे चित्र बसवलेले असते. फॉन्ट नसलेल्या संगणकावर मूळचे इंग्रजी अक्षर उघडे पडते. ओळखायचे कसे? मजकूर निवडून फॉन्ट एरियल करा. मराठी मराठीच राहिली तर युनिकोड (यात प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःची जागा असते), इंग्रजी झाली तर जुना फॉन्ट. कन्व्हर्टरने बदल करता येतो, पण नंतर ऱ्हस्व वेलांटी, रफार आणि जोडाक्षरे ओळीने तपासावी लागतात, चुका तिथेच राहतात. मुलांना सुरुवातीपासून युनिकोडच शिकवा. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ‘टाइम अँड लँग्वेज’मध्ये मराठी भाषा जोडली की इनस्क्रिप्ट हा प्रमाण मराठी कळफलक मिळतो, आणि उच्चारानुसार टाइप करायचा फोनेटिक त्याच भाषेच्या पर्यायांत ‘अॅड अ कीबोर्ड’वरून जोडता येतो. विंडोज आणि स्पेस ही बटणे एकत्र दाबली की कळफलक बदलतो.

इनस्क्रिप्टवर एक खुबी जरूर सांगा. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यांतला अर्धा र साध्या र ने लिहिला तर ‘दुसर्या’ होते आणि रफार डोक्यावर जातो. त्याला नुक्त्याचा ऱ लागतो : शिफ्ट आणि जे, मग डी म्हणजे हलन्त, मग य. ‘ळ’ शिफ्ट आणि एनवर आहे. ज्या मुलांना हे कोणी दाखवत नाही, त्यांच्या वहीत बरोबर असलेला शब्द छापील पानावर चुकतो, आणि त्याचे गुण जातात याचे वाईट वाटते.

अक्षरे बारीक दिसण्याचे कारण कमी जणांना माहीत असते. वर्ड काय आणि लिबरऑफिस काय, दोन्ही एकाच परिच्छेदात देवनागरीचा फॉन्ट आणि आकार इंग्रजीपेक्षा वेगळा ठेवतात. मुलाने इंग्रजीचा आकार १४ केला, देवनागरीचा १०च राहिला, असे होते. लिबरऑफिसमध्ये ऑप्शन्समधल्या भाषांच्या भागात ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’वर खूण करून पुढे मराठी निवडा. मग ‘लिबरऑफिस रायटर’खाली सीटीएलचे (म्हणजे याच कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउटचे) बेसिक फॉन्ट उघडतात, तिथे फॉन्ट आणि आकार ठरवा. वर्डमध्ये फॉन्टच्या चौकटीतला ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’ हा रकाना त्यासाठीच आहे.

राहिली पानांची मोडतोड. घरी एक फॉन्ट आणि शाळेत दुसरा असला की अक्षरांची रुंदी बदलते, ओळी सरकतात, चित्र पुढच्या पानावर उडी मारते. इंग्रजीत कॅलिब्रीऐवजी लिबरऑफिस त्याच रुंदीचा कार्लिटो वापरते, म्हणून फार बिघडत नाही. वर्डच्या नव्या आवृत्त्यांतला ॲप्टॉस घरी नसला तर मात्र फरक पडतो. मराठीसाठी सगळ्या वर्गाने एकच फॉन्ट ठरवावा. विंडोजमध्ये निर्मला आधीपासून असतो. मराठी वळणाचे ल आणि श हवे असतील तर तिरो देवनागरी मराठी हा मोफत फॉन्ट शाळेत आणि घरी दोन्हीकडे टाका. लिबरऑफिसमध्ये ‘फाइल – प्रॉपर्टीज – फॉन्ट’ इथे फॉन्ट फाइलमध्येच बसवायची सोय आहे, वर्डमध्ये ती ‘ऑप्शन्स – सेव्ह’मध्ये मिळते. छापायची प्रत पीडीएफ मागा, दुरुस्तीसाठी डीओसीएक्स.

प्रश्न : सीबीएसई दहावी, विषय माहिती तंत्रज्ञान, कोड ४०२. लिबरऑफिसचे रायटर आणि कॅल्क चालतात, पण डेटाबेससाठीचे बेस उघडले की ‘जावा’ मागते. मायक्रोसॉफ्टचे अॅक्सेस वापरू का?
– विद्यार्थी, पुणे

उत्तर : नको. या विषयाच्या पुस्तकात लिबरऑफिस बेसच आहे; अॅक्सेसचे पडदे वेगळे, आणि ऑफिस होममध्ये अॅक्सेस मिळतही नाही. तुझे लिबरऑफिस ६४ बिटचे असेल तर जावाही (बेसला लागणारे वेगळे सॉफ्टवेअर) ६४ बिटचेच हवे, ३२ बिटचे असले तर ते त्याला दिसत नाही. टेमुरिन हे मोफत जावा टाक, मग ‘ऑप्शन्स – लिबरऑफिस – अॅडव्हान्स्ड’मध्ये जावा वापरण्यावर खूण कर, यादीतून ते निवड आणि लिबरऑफिस बंद करून पुन्हा उघड. यादीत आले नाही तर ‘अॅड’वरून त्याचा फोल्डर दाखव. टेबलमध्ये नोंद भरली म्हणजे बेसची ओडीबी फाइल जतन झाली असे नसते. मुख्य खिडकीत येऊन कंट्रोल-एस दाबायलाच हवे. पेन ड्राइव्हवरची फाइल थेट उघडून काम करू नकोस; आधी लॅपटॉपवर घे.

प्रश्न : लिबरऑफिस टाकताना ‘फक्त स्टोअरमधले अॅप चालेल’ असे येते. लॅपटॉप खराब आहे का?
– एक पालक, मडगाव

उत्तर : नाही, विंडोज एस मोडमध्ये आहे, म्हणजे मायक्रोसॉफ्ट स्टोअरबाहेरचे अॅप ते चालू देत नाही. सेटिंग्जमधल्या ‘सिस्टिम – अॅक्टिव्हेशन’मधून त्यातून बाहेर पडता येते, पैसे लागत नाहीत. परत एस मोडमध्ये जाता येत नाही, पण शाळेच्या कामाला त्याची गरजही नाही.

प्रश्न : मुलाचे सगळे काम शाळेने दिलेल्या गुगल खात्यावर आहे. दहावीनंतर शाळा सुटेल. फाइली पेन ड्राइव्हवर घेतल्या तर पुरेल ना?
– एक पालक, नाशिक

उत्तर : कशा घेता त्यावर आहे. लॅपटॉपवरच्या ड्राइव्ह फोल्डरमधून जीडॉक नावाची फाइल ओढून पेन ड्राइव्हवर टाकली, तर तिच्यात मजकूर नसतो, फक्त पत्ता असतो. शाळेने खाते बंद केले की तो पत्ता कुठेच पोचत नाही. प्रत्येक फाइल ‘फाइल – डाउनलोड’मधून डीओसीएक्स म्हणून उतरवा. फाइली खूप असतील तर गुगल टेकआउट वापरा, ते सगळ्या फाइली डीओसीएक्ससारख्या प्रकारांत बदलून झिपमध्ये देते. शाळेने मुभा ठेवली असेल तर ‘ट्रान्सफर युअर कंटेंट’ने सगळे थेट मुलाच्या खासगी खात्यावर नेता येते, तिथे मोफत जागा १५ जीबी असते आणि तीच मेल व फोटोंनाही वापरली जाते, म्हणून आधी हिशेब बघा. हे काम निकालापर्यंत थांबवू नका, परीक्षा संपली की त्याच आठवड्यात करा. झिप उघडून दोन-चार फाइली वाचता येतात का ते पाहिल्याशिवाय शाळेच्या खात्यातले काही पुसू नका.