धाप, व्यायाम आणि प्रोटीनचा डबा

प्रश्न : वडील 67 वर्षांचे, सीओपीडीचे (श्वासनलिका अरुंद होऊन धाप लागणाऱ्या फुफ्फुसाच्या जुनाट आजाराचे) रुग्ण. उंची 164 सेंमी. सहा महिन्यांत वजन 58 वरून 52 किलोवर आलं. डॉक्टर व्यायाम करा म्हणतात, पण थोडं चाललं की धाप लागते. व्यायामाऐवजी प्रोटीन पावडर दिली तर चालेल का?

उत्तर : नाही. स्नायूंना काम मिळालं नाही तर वाढलेलं वजन बहुतेक चरबीचंच असतं. उलट, पोटात पुरेसं जात नसताना व्यायाम केला तर अंग आणखी झडतं. दोन्ही एकत्र हवं. आणि सहा महिन्यांत दहा टक्के वजन जाणं साधं नाही. क्षय, थायरॉइड, कर्करोग यांपैकी काही नाही ना, हे आधी डॉक्टरांकडून तपासून घ्या.

धापेला घाबरून बसून राहिलं की मांड्यांचे स्नायू ढिले पडतात. मग थोड्याशा श्रमातही त्यांत लॅक्टिक अॅसिड लवकर साठतं, श्वास वाढतो आणि माणूस आणखी बसतो. हे चक्र तोडायचं तर थोडी धाप सोसावीच लागते. शून्य ते दहाच्या मापावर चार ते सहा इतकी धाप चालेल, दोन-चार शब्द बोलता आले पाहिजेत. एक मिनिट चालणं, एक मिनिट थांबणं, असं दहा मिनिटांपासून सुरू करून हळूहळू वीस-तीस मिनिटांवर न्या. आठवड्यातून दोन-तीन दिवस खुर्चीतून आठ-दहा वेळा उठणं-बसणं करा. उठताना श्वास सोडायचा. बरेच जण नेमका तेव्हाच श्वास कोंडतात आणि धाप दुप्पट होते. नाकाने दोन अंकांत श्वास घ्या, ओठ चंबूसारखे करून चार अंकांत सोडा. त्यामुळे फुफ्फुसात अडकलेली हवा बाहेर पडायला वेळ मिळतो.

डॉक्टरांनी तसं सांगितलं असेल तर आराम देणारा इन्हेलर व्यायामाच्या पंधरा मिनिटं आधी घ्या. जेवणानंतर तासभर व्यायाम नको, भरलेलं पोट श्वासपटलाला (छाती आणि पोट यांमधल्या श्वासाच्या स्नायूला) खाली उतरू देत नाही. सुरुवात फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली व्हावी. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर रक्तातला ऑक्सिजन 88 टक्क्यांच्या खाली गेला, छातीत दुखलं किंवा भोवळ आली तर थांबा.

आता पावडर. 52 किलो वजनाला दिवसाला साधारण 62 ते 78 ग्रॅम प्रथिनं लागतात (किलोला 1.2 ते 1.5 ग्रॅम). मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा आकडा डॉक्टरांना विचारूनच ठरवा. मात्र नुसतं प्रोटीन पुरत नाही. उष्मांक कमी पडले तर शरीर तेच प्रथिन जाळून टाकतं. म्हणून प्रथिनं आणि उष्मांक दोन्ही देणारं तयार पेय बरं. मिलीलिटरला दीड किलोकॅलरीचं असेल तर 200 मिलीत 300 किलोकॅलरी मिळतात. जेवणाच्या मधल्या वेळेत, तास-दीड तास घोट घोट प्या. जेवणाआधी प्यायलं तर तेवढंच जेवण कमी होतं आणि बेरीज तिथल्या तिथे राहते. पावडरीचं पेय असेल तर पातळ करण्यासाठी लेबलवर सांगितल्याहून जास्त पाणी घातलं की पोट फुगतं आणि पोषण मात्र तेवढंच.

प्रश्न : जीवनसत्त्वांच्या गोळ्या, क्रिएटीन (स्नायूंच्या ताकदीसाठी घेतात ती पावडर) दिलं तर?

उत्तर : ड जीवनसत्त्व रक्तात खूपच कमी असेल तर घ्यावं. पातळी चांगली असताना त्याने आजाराचे झटके कमी होत नाहीत. व्यायामासोबत क्रिएटीन घेऊन या रुग्णांना जादा फायदा झाल्याचं चाचण्यांत दिसलेलं नाही. बीटा-कॅरोटीनच्या (शरीरात ज्याचं अ जीवनसत्त्व बनतं त्या घटकाच्या) गोळ्या मात्र धूम्रपान करणाऱ्यांनी घेऊच नयेत. 1994 आणि 1996 मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत अशा लोकांत फुफ्फुसाचा कर्करोग वाढलेला आढळला होता.