वांगणीचं नवं की बदलापूरचं जुनं?

प्रश्न: नमस्कार. आम्ही डोंबिवलीत भाड्याने राहतो, भाडं 11 हजार. मी आणि मिस्टर मिळून 52 हजार हातात येतात, शिल्लक साडेसहा लाख आहे. एजंटने वांगणीला बांधकाम चालू असलेला वन बीएचके दाखवलाय, 24 लाख ऑल इन्क्लुझिव्ह म्हणतो, ताबा दोन वर्षांनी. दुसरा बदलापूर पश्चिमेला, 2006 ची बिल्डिंग, तिसरा मजला, लिफ्ट नाही, 26 लाख. घरचे सगळे म्हणतात घ्यायचंय तर नवीनच घ्या. म्हाडाची वाट बघू का? आणि गावी सासऱ्यांच्या नावावर घर आहे म्हणून सबसिडी मिळणार नाही असं एजंट सांगतो, ते खरंय का?
(एक वाचक, डोंबिवली)

उत्तर: ताई, कागद नीट असतील तर डोळे झाकून नाही पण मन घट्ट करून बदलापूरचं घ्या. बजेट कमी असलेल्या माणसाने तयार घरच घ्यावं असं माझं ठाम मत आहे, कारण बांधकाम चालू असलेल्या घरात भाडं पण भरायचं आणि बँकेचं व्याज पण, आणि ताबा नुसता दोन वर्षं लांबला तरी तुमचे भाड्याचेच 2 लाख 64 हजार जादा जातात, ते कुठून आणणार? मग कुठलं घर स्वस्त पडलं?

त्यात नवीन म्हटलं की लोक रेरा नंबर (बिल्डरांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाकडचा प्रोजेक्टचा नोंदणी नंबर) बघतात आणि निर्धास्त होतात. तुमच्या कल्याण-डोंबिवलीतच 65 बिल्डिंगांना पालिकेच्या खोट्या परवानग्या दाखवून रेरा नंबर मिळवले होते, लोकांनी घरं घेतली, बऱ्याच जणांना बँकांनी लोन पण दिलं, आणि नोव्हेंबर 2024 मध्ये हायकोर्टाने त्या पाडायचा आदेश दिला. घर जायची वेळ आली तरी हप्ता चालूच! म्हणून बँकेने लोन दिलं म्हणजे सगळं क्लिअर असेल हे डोक्यातून काढा. बांधकाम परवानगीचा कागद घेऊन ती देणाऱ्या ऑफिसात जायचं आणि हा तुम्हीच दिलाय का असं विचारायचं. एजंट म्हणेल कशाला एवढं, तरी जायचं.

आता बदलापूरच्या घराचं. पहिला कागद ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र. ते नसेल तर कितीही गोड बोलले तरी पुढे जाऊ नका. मग 2006 पासून घर कुणाकडून कुणाकडे गेलं ती अ‍ॅग्रीमेंटची सगळी साखळी, इंडेक्स टू (म्हणजे रजिस्ट्रेशन ऑफिसातला व्यवहाराच्या नोंदीचा उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आणि एनओसी, म्हणजे ना हरकत पत्र. कन्व्हेयन्स झालंय का हे पण विचारा, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर आहे की अजून बिल्डरच्याच, कारण पुढे रीडेव्हलपमेंट निघालं की सगळं तिथेच अडतं. मालकाचं लोन चालू असेल तर ओरिजिनल पेपर बँकेत असतात, मग त्या बँकेचं बाकी रकमेचं पत्र मागा आणि तेवढा चेक थेट त्या लोन खात्यात जाऊ दे.

घर एकदा रविवारी निवांत बघून झालं असेल तर आता सकाळी सातला जा, जिना चढा, नळ सोडून बघा पाणी किती वेळ येतं, टाकीचं की टँकरचं. शेवटच्या मजल्याच्या छताला ओल आहे का आणि कॉलमला उभ्या भेगा आहेत का तेही बघा. खालच्या दुकानदाराला विचारा पावसात पाणी कुठपर्यंत येतं, कारण उल्हास नदीचा भाग आहे तो, जुलै 2019 मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्येच पुराच्या पाण्यात अडकली होती, म्हणजे वांगणीच्या साइटला पण हा प्रश्न लागू आहेच.

पैशाचं असं, 30 लाखांपर्यंतच्या लोनला बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त 90 टक्के देते. तुम्ही 23 लाख घेतले तर साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षांचा हप्ता साधारण 20 हजार. खिशातून 3 लाख, वर स्टॅम्प ड्युटी आणि सेस धरून सहा-सात टक्के, रजिस्ट्रेशन 26 हजार, ब्रोकरेज, सोसायटीची ट्रान्सफर फी, हे सगळं करून लाखभर हातात उरतील आणि ते उरलेच पाहिजेत, त्यातून मॉड्युलर किचन करायचं नाही. घर फक्त तुमच्या नावावर घेतलं तर स्टॅम्प ड्युटीत 1 टक्का सवलत आहे, मिस्टरांचं नाव नुसतं लोनला लावा. जीएसटी नाही, तो ओसी झालेल्या घराला लागत नाही. मालकाने थोडी कॅश द्या म्हटलं तर साफ नाही म्हणा, 20 हजार किंवा जास्त रोख घेणं कायद्यात बसत नाही आणि तेवढं तुमचं लोन पण कमी होतं.

सबसिडीबद्दल एजंट चुकीचं सांगतोय. पीएम आवास शहरी 2.0 मध्ये कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि लग्न न झालेली मुलं, त्यांच्यापैकी कुणाच्या नावावर देशात कुठेही पक्कं घर नको. सासऱ्यांचं घर सासऱ्यांचं. वर्षाचं उत्पन्न 9 लाखांपर्यंत, घर 35 लाखांपर्यंत आणि लोन 25 लाखांपर्यंत ही अट तुमची बसते. जास्तीत जास्त 1 लाख 80 हजार मिळतात, पाच वार्षिक हप्त्यांत, पण ती 12 वर्षांच्या मुदतीपर्यंतच धरतात, म्हणून लोन जास्त वर्षांचं घेतलं तर मिळते का आणि किती, हे बँकेला आधी विचारा. 12 वर्षांत फेडायचं तर हप्ता 25 हजारांच्या वर जातो. मला वाटतं तुम्ही 20 वर्षांचंच घ्या आणि बोनस वगैरे आला की मुद्दल भरत जा, फ्लोटिंग रेटच्या, म्हणजे बदलत्या व्याजदराच्या लोनला लवकर फेडल्याचा दंड नसतो.

म्हाडाचा फॉर्म हे घर घेईपर्यंत जरूर भरा, तुम्ही अल्प उत्पन्न गटात येता, डोमिसाईल काढून ठेवा. पण नशिबावर संसार थांबवू नका.

प्रश्न: बिल्डर म्हणतो 20 टक्के भरा मग अ‍ॅग्रीमेंट करू. भरू का?
(एक वाचक, पनवेल)

उत्तर: नाही. अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर झाल्याशिवाय 10 टक्क्यांच्या वर घ्यायची परवानगी रेरा कायद्यात नाही. हे त्याला लेखी, मेलवर कळवा आणि तो आडून बसला तर दुसरी साइट बघा.