घरी दात पांढरे करायचेत? आधी हे वाच

पेरॉक्साइडच्या जेलने (दातांना लावायचं ब्लीच) दात उजळतात हे खरंय, पण आधी डेंटिस्टला दाखव, कारण कीड किंवा चीर असेल तर जेल आत झिरपून जाम ठणका लागतो. आणि चहा-तंबाखूचे वरवरचे डाग नुसत्या क्लीनिंगनेच बरेच जातात, मग ब्लीच कशाला?

घरी करायचंच तर १०% कार्बामाइड पेरॉक्साइड घे, त्यातून दात उजळवणारं हायड्रोजन पेरॉक्साइड साधारण ३.५% सुटतं, फरक हळूहळू दोनेक आठवड्यांत दिसतो पण त्रास कमी. ट्रे (जेल भरून दातांवर बसवायचा साचा) मात्र डेंटिस्टकडून स्वतःच्या मापाचा बनवून घे, रेडीमेड ट्रेमधून जेल हिरड्यांवर ओघळतं आणि त्या पांढऱ्या पडून चुरचुरतात. जेल अगदी थेंबभर, जास्त आलं तर पुसून टाक. थंड पाण्याने झिणझिण्या आल्या तर एक दिवस गॅप दे, पोटॅशियम नायट्रेटवाली पेस्ट लाव, बहुतेक वेळा थांबलं की कमी होतं.

कॅप, फिलिंग यांचा रंग अजिबात बदलत नाही, समोरच्या दातावर असेल तर ते उठून दिसेल, हा विचार आधीच कर. प्रेग्नन्सीत नको. आणि लिंबू-सोडा तर प्लीज नकोच, लिंबाच्या आम्लाने इनॅमल, म्हणजे दातावरचं कठीण आवरण, झिजतं, ते परत येत नाही.