जुन्या ट्रायम्फ स्पिटफायरचं स्टीयरिंग जड झालंय, खड्ड्यात पुढून ठोका येतो. आधी काय बघावं?

तुमची 1972 ची स्पिटफायर मार्क 4 पावसाळाभर डिचोलीला शेडमध्ये उभी होती, आता स्टीयरिंग जड लागतंय, पुढून ठोका येतोय आणि गॅरेजवाला शॉकअप बदलूया म्हणतोय. शॉकअपचे पैसे तूर्त राहू द्या. आधी पुढच्या दोन्ही चाकांचे ट्रनियन, म्हणजे चाकाचा दांडा ज्यात वळतो ते खालचे पितळी सांधे बघा, आणि ते बघून होईपर्यंत गाडी शेजारच्या साखळी गावापर्यंतसुद्धा नेऊ नका.

मी फोंड्याला स्टँडर्ड हेराल्ड सांभाळतो. मद्रासला बनलेली ही गाडी आणि तुमची स्पिटफायर, दोघींचं पुढचं सस्पेन्शन एकाच घडणीचं, म्हणून एवढ्या ठामपणे सांगतोय. चाक ज्या उभ्या पोलादी दांड्यावर बसतं, त्याच्या खालच्या टोकाला आटे असतात आणि ते टोक पितळी ट्रनियनमध्ये फिरवून बसवलेलं असतं. स्टीयरिंग वळवलं की दांडा त्या आट्यांत बाटलीच्या झाकणासारखा फिरतो. तिथे ग्रीस नव्हे, 90 नंबरचं ईपी गिअर ऑईल लागतं. पण आपल्याकडे निपल (ग्रीस भरायचं तोंड) दिसलं की ग्रीस मारायचं, ही गॅरेजची सवय. ग्रीस आत सुकून घट्ट होतं, खालपर्यंत पोचत नाही, मग पावसाचं पाणी शिरतं आणि आटे गंजतात. स्टीयरिंग जड होतं ते तेव्हा. तसंच चालवत राहिलं तर दांडा आट्यांपाशी तुटतो आणि चाक आडवं पडतं.

तपासायला गाडीचं पुढचं तोंड उचलून स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली हात घालू नका. गणेश चवथीच्या सुमाराला अंगणातली तांबडी माती अजून मऊच असते, स्टँडखाली जाड फळी हवी. चाक वर-खाली धरून हलवा. खडखडलं तर कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. खेळ गेला तर व्हील बेअरिंग, राहिला तर ट्रनियन किंवा वरचा बॉल जॉइंट. डावी-उजवीकडे धरून हलवल्यावर खेळ आला तर टाय रॉड एंड (स्टीयरिंगकडून चाकाकडे येणाऱ्या दांड्याचं टोक) किंवा रॅक (स्टीयरिंगची दातेरी पट्टी). मग टाय रॉड सोडून हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) हातानं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. अडखळला तर दोष खाली ट्रनियनमध्ये किंवा वर बॉल जॉइंटमध्ये. मोकळा फिरला तर जडपणा रॅकमध्ये.

ट्रनियन उघडून आटे रॉकेलनं धुवा आणि उजेडात न्या. खड्डे पडलेले दिसले तर तो दांडा फेकाच. वेल्डिंग करून देतो म्हणणाऱ्याचं ऐकू नका. डाव्या-उजव्या बाजूचे आटे उलटे असतात, अदलाबदल होऊ देऊ नका. जोडताना पूर्ण आत फिरवून मग थोडं मागे घ्या, म्हणजे स्टीयरिंग दोन्हीकडे पूर्ण वळेल. नंतर ग्रीस गनमध्येच गिअर ऑईल भरून ते वरून पाझरेपर्यंत मारा. कंपनीचा हिशेब 6,000 मैलांचा होता. गोव्यात किलोमीटर न बघता मे अखेरीस आणि पावसाळा संपल्यावर, असं दोनदा करा.

ठोका सस्पेन्शनच्या सांध्यांतल्या रबरी बुशांमुळेही येतो. बुश बदललेत तर त्यांचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी असताना. हवेत लटकत असताना आवळले तर रबर पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. शॉकअपची पाळी यानंतर.

टायरची नक्षी चांगली दिसत असली, तरी कडेवरचे शेवटचे चार आकडे वाचा. 2311 म्हणजे 2011 चा तेविसावा आठवडा. इतकं जुनं रबर कडक होतं, ओल्या रस्त्यावर पकड देत नाही. 145/80 आर 13 माप इथल्या छोट्या गाड्यांना लागतं, त्यामुळे मिळायला अडचण नाही. हवा पुढे 21 पीएसआय, मागे 26. पंपावर सवयीनं चारही चाकांत 32 भरतात, तेव्हा उतरून समोर उभे राहा. पुढची हवा मुद्दाम कमी ठेवलेली आहे. ती वाढवली तर वळणावर मागची बाजू निसटू लागते, आणि चोर्ला घाटात ते परवडणार नाही. टाय रॉड सोडला असेल तर अलाइनमेंट करून घ्याच.